लाकडाची भट्टी : खर्च कसा वाचवावा, धोका कसा टाळावा

बेकरीच्या धंद्यात आपले अनेक बांधव पिढ्यानपिढ्या आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये मुंबईतील लाकूड व कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. तेव्हापासून लाकडाचे दिवस संपले, अशी चर्चा धंद्यात सुरू झाली. जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गावी मात्र विटांची भट्टी अजूनही लाकडावर तापते. ज्यांना गॅस किंवा वीज परवडते त्यांनी अवश्य बदल करावा. ज्यांना तूर्त ते शक्य नाही, त्यांच्यासाठी आम्ही हे लिहीत आहोत.

लाकूड आपण वजनावर घेतो, आणि पहिला तोटा तिथेच होतो. नुकत्याच तोडलेल्या लाकडाचे निम्मे वजन पाण्याचे असू शकते. म्हणजे १०० किलोच्या पैशांत ५० किलो लाकूड आणि ५० किलो पाणी पदरात पडते. नीट वाळलेल्या लाकडात पाणी २० टक्क्यांच्या आत असते. शिवाय हे पाणी वाफ होऊन जाताना भट्टीचीच उष्णता घेऊन जाते. सर्व हिशेब केला तर एक किलो सुके लाकूड सुमारे पावणेदोन किलो ओल्या लाकडाचे काम करते. समजा, ओले लाकूड ६ रुपये किलो आणि सुके ८ रुपये किलो आहे. सुक्याची ८ रुपयांची उष्णता ओल्यातून मिळवायला साडेदहा रुपये पडतात. तरीही भाव कमी म्हणून ओला ट्रक उतरवून घेणारे मालक कमी नाहीत.

सुके लाकूड हाताला हलके लागते, त्याची साल सुटते, टोकांना चिरा पडतात आणि दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की टणक आवाज येतो. पावसाळ्याचे लाकूड हिवाळ्यातच घेऊन, फोडून, जमिनीपासून वीतभर उंच रचावे. वर पत्रा घालावा, बाजू वाऱ्याला मोकळ्या ठेवाव्यात. चारही बाजूंनी ताडपत्री गुंडाळली तर ओल आतच कोंडते.

जुन्या इमारतींची दारे-खिडक्या, प्लायवूड, रंग दिलेल्या फळ्या स्वस्त मिळतात. त्या भट्टीत घालू नयेत. जुन्या रंगात शिसे असू शकते आणि प्लायवूडच्या गोंदातून विषारी वायू निघतो. आपल्या भट्टीत ज्या तळावर आग पेटते त्याच तळावर पाव लागतो, हे विसरता येणार नाही. रोजी हलाल असावी याची काळजी आपण घेतो. माल तय्यब आहे की नाही, तेही पाहिले पाहिजे.

आता आगीकडे वळू. लाकूड तापले की त्याचा मोठा भाग वायू होऊन बाहेर पडतो आणि खरी ज्वाला या वायूची असते. हवा अपुरी पडली किंवा आग थंड राहिली तर तोच वायू न जळता धूर होऊन चिमणीतून निघून जातो. म्हणून भट्टी एकदम ठासून भरू नये. फोडलेल्या बारीक लाकडाने जाळ मोठा करावा, मग थोडे थोडे घालत जावे. पेटवणीनंतर पाव तासाने चिमणीतून धूर जवळजवळ दिसेनासा व्हायला हवा. दाट काळा धूर दिसला तर हवा कमी आहे, पांढरा धूर रेंगाळत राहिला तर बहुधा लाकूड ओले आहे.

न जळालेला धूर चिमणीच्या आत डांबरासारखा चिकटतो आणि एक दिवस पेट घेतो. हा थर एक सूत जाडीचा झाला की चिमणी खरवडून घ्यावी. आतून गडगडाटासारखा आवाज येऊन वर ठिणग्या उडू लागल्या तर भट्टीचे दार व हवेची वाट बंद करावी, सर्वांना बाहेर काढावे आणि १०१ वर अग्निशमन दलाला कळवावे. तापलेल्या चिमणीत पाणी ओतू नये, विटा तडकतात.

सर्वांत मोठा धोका मात्र धूर नसताना असतो. उष्णता टिकावी म्हणून कारागीर आत निखारे असतानाच चिमणीची झडप लावतात. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. चिमणी बंद असली की तो खोलीत पसरतो आणि गरम हवेबरोबर माळ्यावर चढतो, आणि माळ्यावर पोरे झोपलेली असतात. रमजानमध्ये रात्रभर काम करून सहरीनंतर ती तिथेच आडवी होतात. जागा माणूस डोके दुखले, मळमळले तर बाहेर येईल. झोपलेला उठतच नाही. झोपण्यापूर्वी विस्तव विझविण्याविषयीची हदीस आपल्या बहुतेक वाचकांना ठाऊक आहे. निखारे पूर्ण बाहेर काढल्याशिवाय झडप लावू नये, आणि भट्टीच्या खोलीत किंवा तिच्या माळ्यावर कोणालाही झोपू देऊ नये. कारागीर परगावचा असेल तर त्याच्या निजण्याची जागा पाहणे मालकाचे काम आहे. भाडे वाचते म्हणून माळा देणे आम्हाला पटत नाही. हा वायू ओळखून वाजणारे छोटे यंत्र बाजारात मिळते, ते लावून घ्यावे.

बाहेर काढलेले निखारे आणि राख झाकणाच्या लोखंडी पिंपात, लाकडाच्या ढिगापासून दूर, उघड्यावर ठेवावी. वरून थंड दिसणाऱ्या राखेत विस्तव दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहतो. गोणीत किंवा प्लॅस्टिकच्या बादलीत ती कधीही भरू नये. साध्या लाकडाची पूर्ण थंड झालेली राख शेतकरी खतासाठी नेतात. रंगाच्या लाकडाची राख त्यांना देऊ नये.