कुंडीत न मावणारे वाण

भांगेचे झाड भारतात दोन तऱ्हांनी आढळते. हिमालयाच्या पायथ्यापासून वरच्या खोऱ्यांपर्यंत ते रस्त्याकडेला, उकिरड्यावर आणि पडीक जमिनीत आपोआप माजते. काही मोजक्या भागांत मात्र माणसाने ते पिढ्यान्‌पिढ्या पेरले आणि चांगल्या झाडांचे बी पुढच्या सालासाठी राखले. या पेरण्या-राखण्यातून गावरान वाणे घडली. हिमाचलमधील मलाणा आणि पार्वती खोरे, उत्तराखंडातील कुमाऊँ-गढवाल, केरळमधील इडुक्कीचे डोंगर, आंध्र-ओडिशा सीमेवरचा घाटमाथा ही त्यांची नावाजलेली ठिकाणे. परदेशी हौशी मंडळींमध्ये या नावांना मोठी किंमत आहे, आणि ‘लुप्त होणारे देशी वाण घरच्या कुंडीत जपावे’ असा विचारही अधूनमधून ऐकू येतो. कायद्याला तो मंजूर नाही. वनस्पतिशास्त्रालाही तो पटण्यासारखा नाही.

या पिकाचा भारतातील इतिहास जुना आहे. कोणत्या धान्याच्या शेताला काय म्हणावे हे सांगणाऱ्या पाणिनीच्या एका सूत्रात तीळ, उडीद आणि जवसाच्या पंगतीला भंगाही बसलेली आहे. म्हणजे त्या काळी तिची रीतसर शेती होत असावी. लिनियसने १७५३ मध्ये युरोपातील तागधारी झाडांवरून ‘कॅनाबिस सटायव्हा’ हे नाव दिले, तर लामार्कने १७८५ मध्ये भारतातून गेलेल्या नमुन्यांवरून ‘कॅनाबिस इंडिका’ ही वेगळी जाती मांडली. या दोन जाती की एकच, हा वाद अजून मिटलेला नाही. आज बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ एकच, पण अतिशय बहुरूपी जाती मानतात.

भांगेच्या झाडांत नर आणि मादी वेगवेगळे असतात. नराचा पराग वाऱ्यावर उडतो आणि दूरवरच्या मादीपर्यंत पोचतो. पराग मिळाला की मादीची ताकद बी धरण्यात खर्च होते आणि तुऱ्यांतील राळ घटते. म्हणून गांजाच्या शेतीत नर झाडे फुलण्याआधी उपटून टाकणे हे सर्वांत नाजूक काम असे. बंगालमधील नौगाव भागात, जो आता बांगलादेशात आहे, त्यासाठी पोद्दार नावाचे जाणकार असत. शेतकरी स्वतः हे काम करत नसे. मजुरी देऊन पोद्दाराला बोलावी. तो सऱ्यांमधून चालत जाई, फूल उमलण्याआधीच नर ओळखी आणि मोडून टाकी. कोलकात्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड प्रेन यांनी १८९३ च्या अहवालात या शेतीचे बारकाईने वर्णन केले आहे. त्याच सुमारास नेमलेल्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनने साक्षी-पुरावे गोळा करून सात खंडांचा अहवाल दिला. त्यात मध्य प्रांतातील खंडवा आणि मुंबई इलाख्यातील अहमदनगर जिल्ह्याच्या गांजाचीही नोंद आहे. संपूर्ण बंदी घालू नये, परवाना आणि कर यांनी नियंत्रण ठेवावे, असा त्या कमिशनचा निष्कर्ष होता.

नर आणि मादी वेगळे असल्यामुळे प्रत्येक बी ही दोन वेगळ्या झाडांची नवी जुळणी असते. गहू किंवा हरभऱ्यासारखी स्वपरागित पिके पिढ्यान्‌पिढ्या जवळपास तशीच राहतात. भांगेचे तसे नाही. एकाच शेतातले एक झाड उंच तर दुसरे बुटके, एकाचा वास आंबटसर तर दुसऱ्याचा मातकट, एक लवकर फुलणारे तर दुसरे उशिरा. गावरान वाण म्हणजे हा सगळा घोळका. त्यातून चार-पाच बिया उचलून कुंडीत लावल्या, तर घोळक्यातील बहुतेक जनुकीय वैविध्य मागेच राहते. त्या चार-पाच झाडांचाच आपापसात संकर दोन-तीन पिढ्या होत राहिला की झाडे खुरटतात आणि दुर्मिळ जनुके कायमची गळून पडतात. नाव मलाण्याचे राहते, वाण राहत नाही.

जागेचा आणि वाणाचा दुवा सूर्याच्या घड्याळातही आहे. हे झाड रात्र ठरावीक मर्यादेपलीकडे लांबली की फुलोऱ्यावर येते. इडुक्की साधारण १० अंश उत्तर अक्षांशावर असल्याने तिथला सर्वांत मोठा दिवसही सुमारे पावणेतेरा तासांचा. मलाणा ३२ अंशांवर आहे आणि तिथे जूनमध्ये दिवस सव्वाचौदा तासांपर्यंत वाढतो. शिवाय समुद्रसपाटीपासून सुमारे २,६०० मीटर उंचीवर थंडी लवकर येते. त्यामुळे हिमालयातील वाणे झटपट फुलून हंगाम आटोपतात, तर दक्षिणेतील वाणे उंच, अरुंद पानांची आणि सावकाश पिकणारी झाली. दमट हवेत बुरशी धरू नये म्हणून तिथले तुरेही विरळ असतात. एका ठिकाणचे बी दुसरीकडे नेले की हे वेळापत्रक चुकते. मुंबई-पुण्याच्या गच्चीवरचे दिवे रात्रभर पेटलेले असले तर काही विचारायलाच नको.

मादीच्या तुऱ्यावर भिंग धरले तर देठावर टेकवलेल्या गोल डोक्यांचे चमकदार केस दिसतात. प्रत्येक डोके मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे किंवा त्याहून लहान. राळ तिथे तयार होते. एकाच मूळ आम्लापासून एक विकर नशा आणणाऱ्या टीएचसीचे पूर्वरूप बनवते, दुसरे नशा न आणणाऱ्या सीबीडीचे. कोणते विकर प्रभावी, हे जनुकांवर ठरते. टीएचसीची रचना १९६४ मध्ये इस्रायलमध्ये राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी उलगडली. आधुनिक संकरित वाणांत टीएचसी वाढवण्याच्या नादात सीबीडी जवळपास पुसले गेले. गावरान शेतात मात्र काही झाडांत टीएचसी, काहींत सीबीडी आणि काहींत दोन्ही आढळतात. औषध संशोधकांना या मिश्रणातच रस आहे.

जनुकांतून या पिकाचा जुना इतिहासही वाचता येतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात भांगेच्या ११० झाडांचे संपूर्ण जनुकसंच तपासले गेले. हे पीक सुमारे १२,००० वर्षांपूर्वी पूर्व आशियात माणसाळवले गेले आणि तागासाठीचे व राळेसाठीचे असे दोन वंश नंतर वेगळे झाले, असे त्यातून दिसले.

गावरान वाणांना धोका बाहेरून येतो तसा आतूनही. गेल्या काही दशकांत परदेशी पर्यटकांबरोबर पार्वती खोऱ्यात परक्या संकरित वाणांचे बी आले. पराग वाऱ्यावर जात असल्याने एका शेतातले परके बी शेजारच्या सगळ्या उतारावरचे वाण बिघडवू शकते. दुसरीकडे, पोलिसांच्या कारवाईत उभी शेते दरवर्षी उपटली जातात. बेकायदा पीक असल्याने कोणी बियाणे नोंदवत नाही, मोजत नाही.

उत्तराखंडात गोष्ट वेगळी आहे. तिथे या झाडाचा ताग दोरांसाठी आणि ‘भांगेला’ या जाड कापडासाठी वापरतात, आणि भाजलेल्या बियांची चटणी करतात. बियांना नशा नसते. या तागाच्या वापराचा महाराष्ट्रातील एक पुरावा तर भिंतीतच सापडला: वेरूळच्या लेण्यांतील माती-चुन्याच्या गिलाव्यात भांगेचा ताग मिसळलेला असल्याचे पुरातत्त्व रसायनतज्ज्ञ राजदेव सिंह आणि औरंगाबादचे वनस्पतिशास्त्रज्ञ एम. एम. सरदेसाई यांनी २०१६ मध्ये दाखवले.

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा म्हणजे फुलोरा आणि चरस म्हणजे राळ यांच्यावर बंदी आणली. बी आणि सुटे पान गांजाच्या व्याख्येत येत नाही, म्हणून पानांची भांग राज्यांच्या नियमांखाली विकली जाते. पण लागवड, मग ती शेतात असो वा गच्चीवरच्या एका कुंडीत, परवान्याविना गुन्हाच आहे आणि शिक्षा १० वर्षांपर्यंत सक्तमजुरीची. ताग, बी आणि संशोधन यांसाठी सरकार परवानगी देऊ शकते. उत्तराखंडने २०१८ मध्ये अशी वाट काढली, पण टीएचसी ०.३ टक्क्यांपेक्षा कमी हवे या अटीवर. हा आकडा १९७६ मध्ये अर्नेस्ट स्मॉल आणि आर्थर क्रॉन्क्विस्ट यांनी वर्गीकरणाच्या सोयीसाठी घेतलेली रेषा आहे. पुढे ती देशोदेशींच्या कायद्यांत गेली. डोंगरातले गावरान बी ही रेषा सहज ओलांडते, म्हणून परवाना घेतलेल्या शेतकऱ्याला स्वतःच्या खोऱ्यातले बी पेरता येत नाही. ही अट गावरान वाणांच्या मुळावरच येते.

ही वाणे टिकवायची तर काम दोन टोकांनी करावे लागेल. एकीकडे शेकडो झाडांचे बी गोळा करून शीतगृहात राखणे. दुसरीकडे त्याच उतारांवर, त्याच हवेत, शेकड्यांनी झाडे परवान्याखाली वाढवणे. जम्मूतील भारतीय एकात्मिक औषध संस्थेने देशी वाणांवर परवान्याने संशोधन सुरू केले आहे, आणि हिमाचल सरकारने जानेवारी २०२५ मध्ये पालमपूर व नौणी येथील विद्यापीठांमार्फत नियंत्रित लागवडीच्या प्रायोगिक अभ्यासाला मंजुरी दिली. या अभ्यासात बाहेरून आणलेल्या कमी टीएचसीच्या बियाण्याबरोबर खोऱ्यातल्या गावरान बियाण्यालाही जागा मिळायला हवी.