उष्णता जाते कोठे?

पदार्थाच्या तीन अवस्था हा पाठ प्राथमिक शाळेत बहुधा एका तासिकेत उरकला जातो. फळ्यावर स्थायू, द्रव व वायू असे तीन रकाने पडतात. दगड, दूध व हवा ही उदाहरणे त्यांत लिहिली जातात. आकार व आकारमान यांसंबंधीच्या व्याख्या मुले एका सुरात म्हणतात आणि पाठ पुरा होतो. परीक्षेत या प्रश्नास गुणही चांगले मिळतात. परंतु त्याच मुलांस असे विचारून पाहावे की, पातेल्यातील पाणी खळखळ उकळत असता खालचा जाळ दुप्पट केला तर पाणी अधिक तापेल काय? बहुतेक हात ‘होय’ म्हणून वर होतात. घरी स्वयंपाक करणाऱ्या वडीलधाऱ्या मंडळींस विचारले तरी उत्तर फारसे वेगळे येत नाही. उकळी आल्यानंतरही जाळ मोठाच ठेवून सरपण व गॅस वाया घालविला जातो, तो पुष्कळदा याच समजुतीपोटी.

खरे उत्तर ‘नाही’ असे आहे. उघड्या पातेल्यात उकळणारे पाणी, जाळ कितीही वाढविला तरी, अधिक तापत नाही. ते फक्त लवकर आटते. मग जाळातून येणारी ती जास्तीची उष्णता जाते कोठे? पदार्थाच्या अवस्थांचा सारा पाठ वस्तुतः या एका प्रश्नात साठविलेला आहे. तो प्रश्न वर्गात उभा राहिला नाही, तर तीन रकाने भरूनही मुलांच्या हाती काही लागले असे म्हणता येत नाही.

या प्रश्नाचे उत्तर सांगण्यापूर्वी ते मुलांस पाहू द्यावे. त्यास लागणारे साहित्य थोडे आहे: ॲल्युमिनियमचे एक लहान पातेले, गॅसची लहान शेगडी अथवा स्टोव्ह, घड्याळ, पाव किलो बर्फ आणि ११० अंशांपर्यंत खुणा असलेली प्रयोगशाळेतील तापमापी. ताप पाहण्याची डॉक्टरी तापमापी येथे मुळीच चालणार नाही. तिची मर्यादा ४२ अंशांच्या आसपास संपते व उकळत्या पाण्यात ती फुटते. बर्फ मासळीवाल्याकडून आणला असल्यास तो मुलांनी तोंडात घालू नये, हे आधीच बजावून ठेवावे. कारण बर्फ दिसला की हात आवरत नाहीत.

बर्फ बारीक फोडून, थोडे पाणी घालून, पातेले मंद जाळावर ठेवावे. तापमापी दोरीने अशी टांगावी की तिचे टोक पातेल्याच्या बुडास टेकणार नाही. एका मुलाने मिश्रण ढवळीत राहावे, एकाने दर अर्ध्या मिनिटास तापमान वाचावे व एकाने ते फळ्यावर लिहावे. (जुन्या पुस्तकांत ज्यास उष्णतामान म्हटले आहे, तेच हे तापमान.) प्रथम सर्व मुले आकडा भराभर चढेल अशा अपेक्षेने पाहत असतात. आकडा मात्र शून्याजवळच घोटाळतो. खाली जाळ चालू आहे, बर्फ डोळ्यांदेखत वितळत आहे, आणि तापमापी जागची हलत नाही! शेवटचा खडा वितळला की ती चढू लागते, उकळी येईपर्यंत चढत राहते आणि पुन्हा एका ठिकाणी थांबते. यानंतर जाळ वाढवावा. बुडबुडे वाढतात, वाफ वाढते. आकडा वाढत नाही. उकळी फुटल्यावर पाच मिनिटे पाहणे पुरे. पाणी पूर्ण आटवू नये, पातेले जळते.

येथे एका गोष्टीविषयी शिक्षकाने दक्ष राहावे. पुस्तकात पाण्याचा उत्कलनबिंदू १०० अंश सेल्सिअस दिलेला असतो. तो समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबास धरून आहे. कोकणच्या किनाऱ्यावर तापमापी शंभराच्या जवळ थांबेल. पुणे शहर सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, तेथे ती ९८ च्या आसपास थांबेल. आणि महाबळेश्वरी, सुमारे १,३५० मीटर उंचीवर, ९५ ते ९६ अंशांवरच पाणी उकळू लागेल. वर जावे तसा हवेचा दाब घटतो व पाण्यास वाफ होऊन सुटणे सोपे जाते. प्रेशर कुकरमध्ये याच्या उलट घडते. आतला दाब वाढल्यामुळे पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत न उकळता तापते व डाळ लवकर शिजते. तेव्हा वर्गातील तापमापी ९८ दाखवीत असेल तर फळ्यावर ९८ हाच आकडा लिहिला गेला पाहिजे. ‘पुस्तकात शंभर आहे, तेव्हा शंभर लिहा’ असे शिक्षकाच्या तोंडून एकदा निघाले की, मुले पुढे तापमापी पाहणे सोडून देतात व पुस्तकच पाहतात.

तापमान न वाढविता नाहीशी होणारी ही उष्णता प्रथम नीट मोजली ती स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठाचे अध्यापक जोसेफ ब्लॅक यांनी, सन १७६० नंतरच्या एक-दोन वर्षांत. त्यांची रीत इतकी साधी होती की ती सहावीच्या मुलास समजावी. दोन सारख्या काचपात्रांत सारख्याच वजनाचे बर्फ व बर्फाइतकेच गार पाणी घेऊन ती एका मोठ्या दालनात त्यांनी टांगून ठेविली. पाण्याचे तापमान अर्ध्या तासात ७ फॅरनहाइट अंशांनी चढले. बर्फाच्या पात्रास वितळून त्याच तापमानास पोहोचण्यास साडेदहा तास लागले. दालनातील हवा दोन्ही पात्रांस सारखीच उष्णता देत होती. म्हणजे इतका वेळ आत गेलेली उष्णता केवळ बर्फाचे पाणी करण्यात खर्ची पडली, हे उघड झाले. वितळण्यास अशी मोठी उष्णता लागत नसती, तर थंडीत साठलेले बर्फ वसंताचे ऊन पडताच एकदम वितळून भयंकर पूर आले असते, असेही ब्लॅक आपल्या विद्यार्थ्यांस सांगत. हिमालयातील बर्फ उन्हाळाभर हळूहळू वितळून नद्यांस पाणी पुरविते, ते याच कारणाने. या उष्णतेस ब्लॅक यांनी जे नाव दिले, त्याचा आशय आजच्या पाठ्यपुस्तकांतील ‘अप्रकट उष्मा’ या शब्दांत आहे.

मोजमाप असे आहे. १ ग्रॅम पाण्याचे तापमान १ अंशाने वाढविण्यास लागणारी उष्णता ती १ कॅलरी. १ ग्रॅम बर्फाचे शून्य अंशावरच पाणी होण्यास सुमारे ८० कॅलरी लागतात. ते पाणी शंभर अंशांपर्यंत तापण्यास १०० कॅलरी. आणि शंभर अंशांवरच त्याची वाफ होण्यास सुमारे ५४० कॅलरी. हल्ली ही उष्णता ज्यूलमध्ये मोजण्याची पद्धत आहे (१ कॅलरी म्हणजे सुमारे ४.१८ ज्यूल), परंतु प्राथमिक वर्गात कॅलरीचे आकडे तोंडी हिशेबास सोपे पडतात. ज्या जाळावर बर्फ वितळण्यास ४ मिनिटे लागतात, त्याच जाळावर ते पाणी उकळीस येण्यास ५ मिनिटे व सर्व आटून जाण्यास आणखी २७ मिनिटे लागावीत. प्रत्यक्षात तापलेल्या पातेल्यातून बरीच उष्णता हवेत निसटते, म्हणून वेळ यापेक्षा अधिक लागेल. तो फरक का पडला हे मुलांनाच शोधावयास लावावे.

आता मूळ प्रश्नाकडे वळावे. सर्व पदार्थ अतिसूक्ष्म कणांचे बनलेले आहेत. पाण्याचा कण म्हणजे रेणू. त्यात हायड्रोजनचे दोन व ऑक्सिजनचा एक असे तीन अणू असतात. १८ ग्रॅम पाण्यात, म्हणजे मोठ्या चमचाभर पाण्यात, ६ वर २३ शून्ये इतके रेणू असतात. हे कण कधीही स्वस्थ नसतात. स्थायूत ते आपापली जागा धरून थरथरतात. द्रवात एकमेकांस चिकटून राहूनही जागा बदलतात. वायूत ते सुटे होऊन धावतात. तापमान हे या हालचालीच्या जोराचे माप होय. जोर वाढला की आकडा वाढतो. परंतु कणांमध्ये परस्परांस धरून ठेवणारी एक ओढही असते. अवस्था बदलते त्या वेळी आत जाणारी उष्णता हालचालीचा जोर वाढविण्यात खर्च न होता ही पकड सोडविण्यात खर्च होते. आणि तापमापीला तर केवळ जोरच समजतो. म्हणून ती थांबलेली दिसते. वितळताना पकड केवळ सैल होते, म्हणून ८० कॅलरींत भागते. वाफ होताना प्रत्येक रेणू इतरांपासून पुरता सोडवून घ्यावा लागतो. तेथे ५४० लागतात यात नवल नाही.

हे मुलांकडून करवून घेता येते. ओळीत हात धरून उभी असलेली व जागच्या जागी डुलणारी मुले म्हणजे स्थायू. दाटीवाटीने एकमेकांस चाटून सरकणारी म्हणजे द्रव. पटांगणभर सुटलेली म्हणजे वायू. खेळ चांगला आहे, परंतु त्यातून दोन खोट्या समजुती शिरण्याचा संभव असतो. एक म्हणजे, द्रवातील कण स्थायूतील कणांपेक्षा पुष्कळ दूर असतात ही. अनेक चित्रांतही तसेच दाखविलेले असते. वस्तुतः द्रवातील कण जवळजवळ स्थायूइतकेच दाट असतात. पाणी तर बर्फापेक्षाही दाट असते, म्हणूनच बर्फ पाण्यावर तरंगतो. खरी फारकत वायूत होते: उकळत्या पाण्याची वाफ झाली की तिला सोळाशे ते सतराशे पट जागा लागते. दुसरी समजूत अशी की, तापल्यावर कण स्वतः फुगतात किंवा वितळतात. कण जसाचा तसाच राहतो. बदलते ते त्याचे चालणे व त्याचे शेजार.

उकळत्या पाण्यातील बुडबुडे कशाचे, हा प्रश्न अवश्य विचारावा. ‘हवेचे’ असे उत्तर येईल. पाणी तापू लागताना कडेला दिसणारे बारीक बुडबुडे हवेचे असतात हे खरे. पाण्यात विरघळलेली हवा तेव्हा बाहेर पडते. परंतु खळखळत्या पाण्यातील मोठे बुडबुडे पाण्याचेच, वायुरूप पाण्याचे असतात. हवेचे असते तर पातेले आटलेच नसते. येथे भाषाही थोडी आड येते. चहाच्या किटलीतून निघणाऱ्या पांढऱ्या धुरकट झोताला मराठीत वाफ म्हणतात. पण खरी वाफ डोळ्यांस दिसत नाही. तोटीच्या अगदी तोंडाशी जी बोटभर मोकळी जागा भासते, तेथे ती असते. पांढरे दिसते ते हवेत गार होऊन पुन्हा पाणी झालेले थेंब.

ही न दिसणारी वाफच अधिक भाजते. शंभर अंशांचे १ ग्रॅम पाणी अंगावर पडून ३७ अंशांपर्यंत निवाले तर त्वचेस ६३ कॅलरी देते. त्याच तापमानाची १ ग्रॅम वाफ प्रथम पाणी होताना ५४० कॅलरी देते व नंतर त्या ६३. म्हणजे ६०३, सुमारे साडेनऊ पट. शालेय पोषण आहार शिजविणाऱ्या ताईंना हा हिशेब न सांगितला तरी चालेल, परंतु रीत जरूर सांगावी: मोठ्या पातेल्यावरील झाकण उचलताना आपल्या समोरची, दूरची कड आधी उचलावी, म्हणजे वाफ पलीकडे जाते. मुलांना शिजत्या पातेल्याजवळ उभे राहू देऊ नये. कोणास भाजलेच, तर त्या जागेवर वीस मिनिटे साध्या गार पाण्याची धार धरावी. तूप, शाई, दंतमंजन किंवा बर्फ लावू नये. फोड मोठे असल्यास, अथवा चेहरा, हात वा सांधे भाजले असल्यास, पाण्याने निववून लगेच दवाखान्यात न्यावे.

पाण्याची वाफ होण्यास उकळीच लागते असे मात्र नाही. दोरीवरचे धोतर सावलीतही वाळते. पृष्ठभागावरील जे रेणू अधिक जोरात असतात ते निसटतात. मागे कमी जोराचे उरतात, आणि म्हणून उरलेले पाणी गार होते. माठ गार असतो तो माती गार असल्यामुळे, अशी समजूत सर्वत्र आढळते. त्याच मातीच्या माठाला बाहेरून तेलरंग दिला तर तो पाणी गार करीत नाही, कारण झिरपणेच बंद होते. येथेही हिशेब करण्यासारखा आहे. उन्हाळ्याच्या तापमानास १ ग्रॅम पाणी वाळताना सुमारे ५८० कॅलरी घेऊन जाते. १० लिटरांच्या माठातून १०० ग्रॅम पाणी झिरपून वाळले, तर ५८,००० कॅलरी गेल्या. आतील पाणी जवळजवळ ६ अंशांनी गार व्हावे. बाहेरची उष्णता सतत आत येत असल्यामुळे प्रत्यक्ष फरक यापेक्षा कमी राहील.

मे महिन्याची सुटी लागण्यापूर्वी शाळेतच हे पाहता येते. एक माठ व एक स्टीलची कळशी सारख्याच पाण्याने भरून सावलीत, वारा लागेल अशा जागी शेजारी शेजारी ठेवावी आणि आठवडाभर दुपारी दोन्हींचे तापमान लिहून ठेवावे. विदर्भातील कोरड्या हवेत दोन आकड्यांतील अंतर मोठे येईल. रत्नागिरीसारख्या दमट किनाऱ्यावर ते थोडेच येईल, कारण हवेत आधीच बाष्प भरलेले असल्यामुळे पाणी सावकाश वाळते. दोन जिल्ह्यांतील शाळांनी आपले तक्ते एकमेकांस पत्राने पाठविल्यास दोन्हीकडील मुलांना हा फरक प्रत्यक्ष आकड्यांत दिसेल.