हतनूरच्या काठाने सायकलवर

सुट्टीच्या दिवशी सायकल घेऊन पाण्याच्या काठाने हिंडण्याची हौस आपल्या तरुण मुलामुलींत वाढते आहे, याचा आम्हांला आनंद आहे. खडी-मुरमावर चालणारी जाड टायरची ‘ग्रॅव्हल बाईक’ महाग असते. पण कोरड्या दिवसांत मुरमाच्या वाटेवर साधी सायकलही चालते. पावसानंतर मात्र काळ्या मातीत चाक रुतलेच म्हणून समजा!

जळगाव जिल्ह्यात यासाठी हतनूर धरणाचा परिसर उत्तम. तापी-पूर्णेचा संगम चांगदेवला होतो, त्याच्या खाली ४१ दरवाजांचे हे धरण आहे. पाणी उथळ आणि गाळ भरपूर, म्हणूनच पाणपक्ष्यांचे येथे फावते. पक्ष्यांचा महत्त्वाचा अधिवास म्हणून या जागेची नोंद झालेली आहे. हिवाळ्यात लडाख-तिबेटकडचे चक्रवाक येतात.

हिवाळ्यात पक्षी दुरूनच पाहावेत. वारंवार उठवले तर त्यांचे खाणे बुडते. खरी काळजी उन्हाळ्याची. पाणी ओसरले की मोकळ्या वाळू-खडीवरच नदीसुरय आणि टिटवी अंडी घालतात. घरटे म्हणजे नुसता खळगा, अंडी खड्यांच्या रंगाची. मोटार जात नाही तेथे सायकल जाते, आणि नेमकी तेथेच अंडी असतात. म्हणून मार्चपासून काठ सोडून गाडीवाटेनेच जावे. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली, तर सायकलवरून उतरावे आणि आल्या चाकोरीनेच मागे फिरावे.