कडी, बंदूक आणि पंजा

माळेगावच्या घोडेबाजारात घेणारा आधी जनावराचा ओठ वर करून दात बघतो. दातांवरून वय कळतं, मग विकणारा काहीही सांगो. त्यानंतर दोघांचे हात उपरण्याखाली जातात, बोटं दाबली जातात आणि भाव ठरतो. भोवतीच्या गर्दीला आकडा कळत नाही. ज्या दोघांचा व्यवहार आहे, त्यांना मात्र तो पक्का ठाऊक असतो.

नांदेड-लातूर रस्त्यावरचं हे माळेगाव लोहा तालुक्यातलं. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमारास इथे खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट, तमाशाचे फड, कुस्त्या आणि भंडाऱ्याने पिवळी झालेली माणसं. लातूरला महाशिवरात्रीला ग्रामदैवत सिद्धेश्वराची यात्रा भरते. अशा यात्रांत पाळण्यांच्या आसपास बक्षिसांचे खेळ मांडलेले असतात: कडी टाका, फुगे फोडा, पेले पाडा. दहा-वीस रुपये देऊन कडी हातात घेणाऱ्या पोराला खेळ सरळ आहे की नाही, हे कळायला काय मार्ग असतो?

कडीचं गणित मांडून बघण्यासारखं आहे. समजा, कडीचा आतला व्यास 10 सेंटीमीटर आणि ती ज्यावर टाकायची त्या गोल डब्याचा 8. कडी डब्याभोवती सपाट बसायची तर तिचं केंद्र डब्याच्या केंद्रापासून एका सेंटीमीटरच्या आत यायला हवं. डबा साडेनऊचा घेतला की ही सूट पाव सेंटीमीटरवर येते. डोळ्याला फरक दीड सेंटीमीटरचाच दिसतो, पण कडीचं केंद्र जिथे यायला हवं ती जागा सोळा पटींनी आक्रसलेली असते. शिवाय दुकानदार कडी बसते हे दाखवताना ती वरून सरळ ठेवतो. खेळणाऱ्याची कडी तिरपी येते, काठाला लागते आणि उडते.

फुग्यांच्या बंदुकीचंही तसंच. जुनी स्प्रिंग सैल पडलेली असते, नळी एका बाजूला ओढते, आणि कमी हवा भरलेला फुगा छर्रा लागूनही नुसता हलतो. मुरलेला गडी पहिला छर्रा नेम ओळखण्यात घालवतो आणि पुढचे त्या हिशेबाने मारतो. म्हणजे खेळ अवघड आहे, कधी मुद्दाम अवघड केलेला आहे, पण खोट शोधायला डोळा आणि हात पुरतात. या खेळांना सरसकट फसवणूक म्हणणं अन्यायाचं होईल.

सोरट मात्र वेगळं. पुठ्ठ्यावर चिठ्ठ्या, वर टांगलेलं मोठं बक्षीस, आणि त्याचा नंबर चिठ्ठ्यांमध्ये आहे की नाही हे फक्त मांडणाऱ्याला माहीत. पत्त्यांच्या तिरटाप्रमाणे सोरटावरही पोलिसांच्या धाडी पडतात, त्या उगाच नाहीत. 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्याचं तेरावं कलम निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट देतं; सोरटात कौशल्याला वावच नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ मानलं, ते तीन पत्त्यांच्या खेळापासून तिला वेगळं काढूनच.

आता गेम झोनमधलं काचेचं कपाट बघा. आत टेडी बेअर, वर लोखंडी पंजा, बाहेर दांडा आणि बटण. दिसायला हाही हातोटीचाच खेळ. पण अशा अनेक यंत्रांत पंजाची पकड मालकाला आतून ठरवता येते. किती खेळांमागे एकदा ती पुरेशी घट्ट व्हावी, हेही भरता येतं. बाकी वेळा पंजा खेळणं उचलतो आणि वर नेता नेता ढिला पडतो. पोरगं समजतं, आपला नेम किंचित हुकला. ते पुन्हा पैसे मागतं. समजा, बक्षीस 150 रुपयांचं, खेळ 30 रुपयांचा आणि घट्ट पकड दहात एकदा: बक्षीस जाईपर्यंत गल्ल्यात 300 रुपये आलेले असतात. नफ्याबद्दल तक्रार नाही, यात्रेतला दुकानदारही नफ्यासाठीच बसतो. तक्रार आहे ती दैवाला कौशल्याचा सदरा घालण्याबद्दल. लहान मुलाला त्याच्याच हाताचा दोष दाखवून पुन्हा खेळायला लावणं वाईट आहे.

हा प्रश्न इथलाच नाही. सेगा कंपनीच्या ‘की मास्टर’ या यंत्राविरुद्ध 2021 मध्ये कॅलिफोर्नियात दावा दाखल झाला. ठरावीक संख्येने खेळणारे हरल्याशिवाय यंत्र जिंकूच देत नाही, असा त्यातला आरोप होता. पंजाच्या यंत्रांचं वेड असलेल्या जपानमध्ये बक्षिसाच्या किमतीला मर्यादा आहे. ती साधारण 800 येन होती, 2022 मध्ये 1000 झाली. बक्षीसच लहान असलं की त्यामागे घालवायच्या पैशांनाही आपोआप आवर बसतो.

आपल्याकडे किराणा दुकानातल्या वजनकाट्याची ठरावीक मुदतीने पडताळणी होते आणि त्यावर सरकारी शिक्का बसतो. पावशेर शेंगदाण्यांसाठी एवढी दक्षता असेल, तर पंजाच्या यंत्रालाही ती लावता येईल. कितीमागे एकदा पकड घट्ट होते, तो आकडा काचेवर मराठीत चिकटवायचा, आणि आत तोच भरलाय ना हे तपासायचं. यात्रेतल्या खेळांसाठी तर याहून सोपा उपाय आहे. माळेगावच्या यात्रेचं नियोजन नांदेड जिल्हा परिषद करते. खेळवाल्यांना जागा देताना एक अट घालणं तिला अवघड नाही: कडीच्या प्रत्येक दुकानापुढे एक कडी सुतळीने बांधून ठेवायची, म्हणजे पैसे देण्याआधी कुणालाही ती स्वतः डब्यावर घालून बघता येईल.