लेनर्ड कोहेन यांच्या गीतांतील वेदी

गीतकाराचे मन एखाद्या सुट्या गीतात क्वचितच सापडते. ज्या कथेकडे तो पुनःपुन्हा वळतो, तिच्यात ते सापडते. कॅनडाचे गीतकार लेनर्ड कोहेन (१९३४–२०१६) यांच्यासाठी अशी एक कथा अब्राहामाची होती.

मॉन्ट्रियलच्या यहुदी कुटुंबात वाढलेल्या कोहेन यांच्या परंपरेतलीच ही कथा. देवाच्या आज्ञेवरून अब्राहाम पुत्र इसहाकाचा बळी देण्यास निघतो आणि अखेरच्या क्षणी त्याचा हात थांबविला जातो. १९६९ सालच्या ‘स्टोरी ऑफ आयझॅक’ या गीतात कोहेन यांनी ती नऊ वर्षांच्या मुलाच्या तोंडी घातली. पित्याची निष्ठा येथे पुत्राच्या भेदरलेल्या डोळ्यांनी दिसते. पुढे हे गीत आजच्या वेदी बांधणाऱ्यांनाच मुलांचे बळी थांबविण्यास बजावते. व्हिएतनामचे युद्ध तेव्हा चालू होते.

२०१६ साली ‘यू वॉन्ट इट डार्कर’ या गीतात वृद्ध कोहेन ‘हिनेनी’ हा हिब्रू शब्द उच्चारतात. ‘हा मी आहे’ असा त्याचा अर्थ. देवाच्या हाकेला अब्राहामाने दिलेले उत्तर तेच. साथीला मॉन्ट्रियलच्या शार हशोमायिम या सभास्थानाचा गायकवृंद आहे. गीतात देवाविषयी तक्रारही आहे. तरी उत्तर चुकविलेले नाही. गीतसंग्रह प्रसिद्ध झाल्यावर तीन आठवड्यांच्या आतच कोहेन निवर्तले.

या सत्तेचाळीस वर्षांत कथा तीच राहिली, बोलणारा मात्र बदलला. दुसऱ्याच्या लेकराला वेदीवर ठेवण्यास ज्याने विरोध केला, तोच स्वतःला हाक येताच पुढे झाला. बळी आणि समर्पण यांतील अंतर ते हेच.