पोटात राहिलेला टॉवेल

जुलै १९६३. औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात एक भगिनी बाळंत झाली. १३ तारखेला तिचे कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन झाले. साधेच ऑपरेशन, पण लगेच ताप चढला, पोटात असह्य दुखू लागले. १९ तारखेला दुसऱ्या डॉक्टरांनी पोट पुन्हा उघडले, तर आत टॉवेल राहिलेला आणि पू साचलेला. २४ जुलैला ती गेली.

नवऱ्याने आणि मुलांनी दावा लावला. खालच्या कोर्टाने ३६ हजार रुपये भरपाई दिली. हायकोर्टाने ती रद्द केली. दवाखाना चालवणे हे राज्यसत्तेचे काम, त्यातल्या चुकीला सरकार जबाबदार नाही, असे म्हटले. २० फेब्रुवारी १९९६ रोजी सुप्रीम कोर्टाने हे फिरवले. टॉवेल आत राहिला हाच हलगर्जीपणाचा पुरावा, आणि दवाखाना सरकारचा म्हणून भरपाई सरकारने द्यायची. या निकालाला ३३ वर्षे लागली! वकिलाकडे गेलात तर केसचे नाव सांगा : अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र सरकार.

आपल्यासारख्यांची अशी केस बहुधा एकटा वकीलच लढतो. तो डॉक्टर नसतो. कोणत्या वेळी काय झाले हे त्याला केसपेपरवरूनच कळते, आणि चूक झाली हे सांगायला डॉक्टरच साक्षीला लागतो. एक डॉक्टर दुसऱ्याविरुद्ध सहसा बोलत नाही. औरंगाबादच्या केसमध्ये पोट पुन्हा उघडणाऱ्या डॉक्टरांचीच साक्ष झाली होती. अर्थात, दवाखान्यातला प्रत्येक मृत्यू हलगर्जीपणाने होत नाही, हेही प्रामाणिक वकील आधीच सांगतो.

पौड, पिरंगुटच्या वस्तीतून पेशंट पुण्याला हलवताना घरचे घाबरलेले असतात. फाइल कुठे राहिली याचे भान राहत नाही. म्हणून रेफर चिठ्ठी, रिपोर्ट, औषधांची बिले एका पिशवीत ठेवा, ती एकाच माणसाकडे द्या. पूर्ण केसपेपरची प्रत लेखी अर्ज देऊन मागा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. डॉक्टरांच्या नियमाप्रमाणे अर्जानंतर ७२ तासांत कागद द्यावे लागतात. संशयाने मृत्यू झाला असेल तर पोस्टमॉर्टेमला नाही म्हणू नका. मन मानत नाही, हे खरे, पण नंतर तो पुरावा मिळत नाही.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून कित्येक जण गप्प बसतात. अनुसूचित जातीच्या माणसाला आणि कोणत्याही महिलेला सरकारकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचा हक्क आहे, तेव्हा दाखला काढलेला असू द्या. पुण्यात शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे अर्ज करायचा.

खासगी दवाखान्याविरुद्ध ग्राहक आयोगात २ वर्षांच्या आत तक्रार करता येते; ५ लाखांपर्यंतच्या बिलाला तक्रारीची फी नाही. जिथे सगळ्यांनाच उपचार फुकट, अशा सरकारी दवाखान्याविरुद्ध मात्र दिवाणी कोर्टात जावे लागते, आणि त्याआधी सरकारला २ महिन्यांची नोटीस द्यावी लागते.