उस्मानाबादच्या महिलांनी जगाला शिकवले. मुखेडला काय मिळाले?

वारसाच्या दाखल्याच्या कामासाठी तालुक्यातील माणसे आमच्याकडे येतात. मयत आईचे वय विचारावे तर पंचेचाळीस-पन्नास. आजार विचारावा तर मुलगा मान खाली घालून सांगतो, "पिशवीचा कॅन्सर." अंगावरून पांढरे जाते, मधेच रक्त जाते, हे त्या माउलीने लाजेपोटी लपवलेले असते. दवाखाना गाठेपर्यंत उशीर झालेला असतो.

हे मरण टाळता येते, याचा पुरावा आपल्या मराठवाड्यानेच जगाला दिला. लातूरला लागून असलेल्या उस्मानाबाद (आजच्या धाराशिव) जिल्ह्यातील खेड्यांत १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ महिलांचा अभ्यास झाला. मुंबईचे टाटा मेमोरियल आणि बार्शीचे नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय त्यात होते. २००९ साली निष्कर्ष आला. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची एकदाच तपासणी करून वेळीच उपचार केले, तरी मृत्यू जवळपास निम्मे होतात. ही तपासणी झालेल्या गटातील ३४,१२६ पैकी ३४ महिला या रोगाने दगावल्या. तपासणी न झालेल्या गटातील ३१,४८८ पैकी ६४ दगावल्या.

त्या ६४ जणींचे काय? त्यांच्या गटाला तुलनेसाठी तपासणीविना ठेवले, यावर पुढे गंभीर आक्षेप घेतले गेले. भारतात नेहमीच्या सेवेत तपासणी नव्हतीच, असे समर्थन झाले. आम्ही म्हणतो, सेवा नसणे हीच नेहमीची सेवा असेल, तर जाब सरकारनेही दिला पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही तपासणीला पहिली पसंती दिली. आपल्या केंद्र सरकारने २०१६ मध्येच तिशीपुढील महिलांसाठी ॲसिटिक ॲसिड लावून करायची साधी तपासणी ठरवली. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातील ३० ते ४९ वयाच्या शंभर महिलांमागे दोघींचीही अशी तपासणी कधी झालेली आढळली नाही!

सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे संविधानाचे कलम ४७ सांगते. म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीचा वार ठरवा, महिला कर्मचारी द्या, आडोशाची खोली द्या आणि दोष आढळलेल्या बाईला उपचारापर्यंत पोहोचवा.

वाचकहो, ग्रामसभेत हा विषय मांडा. माहितीच्या अधिकारात विचारा: आमच्या केंद्रात किती महिला तपासल्या, किती जणींवर उपचार झाले? आईचा आजार सांगताना लेकराने मान खाली घालू नये. मान खाली घालण्याची वेळ व्यवस्थेची आहे.